घरचा शब्द, कागदाचा शब्द

आमच्या शाळेच्या ग्रंथपाल वनमालाबाई हसत नाहीत, असं मी गेली चौदा वर्षं लोकांना सांगत आलो. सांगताना स्वतः मात्र हसायचो. स्टाफरूममध्ये कुणी विनोद केला की मी म्हणायचो, "हा वनमालाबाईंना सांगून बघा. हसल्या तर चहा माझ्याकडून." तो चहा मला कधीच पाजावा लागला नाही. बाई रडतही नाहीत, हे मात्र कधी माझ्या डोक्यात आलं नाही.

माझे वडील गेले त्या दिवशी गावाकडून शाळेत फोन आला, तो बाईंनी घेतला. मी आठवीच्या तासावर होतो. त्या वर्गाच्या दारात आल्या आणि म्हणाल्या, "सर, तुमचे वडील वारले. गाडी अकराची आहे." 'पुस्तक फाटलंय, दुसरं घ्या' हे ज्या आवाजात सांगतात, अगदी त्याच आवाजात. मला त्याचा राग आला आणि तो मी बरीच वर्षं सांभाळून ठेवला. मी इतिहास शिकवतो. जुनं धरून बसणं हा आमचा धंदाच आहे.

शाळा धर्मापुरीच्या अलीकडं, रस्त्याला लागून. पाच-सहा गावांची पोरं येतात. दसरा झाला की निम्म्या घरांना कुलपं लागतात. आईबाप ऊस तोडायला टोळीबरोबर पश्चिमेला जातात, पोरं आजीजवळ राहतात आणि चैतापर्यंत त्यांच्या वह्यांवर पालकाची सही म्हणून अंगठा असतो. वनमालाबाई अर्धवेळ ग्रंथपाल आहेत. अर्धवेळ हे कागदावर. प्रत्यक्षात सकाळी सुंदरराव शिपाई कुलूप काढतो तेव्हा त्या पायरीवर उभ्या असतात आणि संध्याकाळी तो कुलूप लावतो तेव्हाच उठतात. तीन कपाटं, दोन लांब टेबलं, देवघेवीचं एक रजिस्टर. पुस्तक नेलं की तारीख, परत आणायची तारीख, सही. रजिस्टरातलं कोणतंही घर रिकामं राहिलेलं त्यांना चालत नाही. मुख्याध्यापकांनासुद्धा त्यांनी एकदा सही राहिली म्हणून वऱ्हांड्यातून परत बोलावलं होतं.

मागच्या जूनमध्ये एका संस्थेनं आम्हाला चार संगणक दिले आणि सोबत एका डेटाबेसचा पासवर्ड. जुनी वर्तमानपत्रं, गॅझेटियर, संशोधकांचे लेख, अहवाल, मराठी आणि इंग्रजी, सगळं त्यात. नववी-दहावीच्या पोरांनी त्यातून शोध घेऊन एकेक प्रकल्प करायचा आणि तो जिल्ह्याच्या स्पर्धेला पाठवायचा. परळीला दोन दिवसांचं प्रशिक्षण झालं. मी गेलतो. पहिल्या दिवशी डोक्यावरून गेलं, दुसऱ्या दिवशी जेवण चांगलं होतं. परत येऊन मी मिळालेली पुस्तिका वनमालाबाईंच्या टेबलावर ठेवली आणि म्हणालो, "हे तुमच्या खात्यातलं." सुंदरराव त्याला 'डाटाबस' म्हणायचा. रोज सकाळी विचारायचा, "मॅडम, आली का बस?" बाई म्हणायच्या, "आली." हसत नसत.

पंधरा दिवसांत त्यांनी ती पुस्तिका पाठ केली आणि पोरांना बसवलं. पहिली अडचण अफसानाला आली. तिच्या वडिलांचा परळीला फळांचा गाडा आहे. तिनं विषय घेतला होता अंबाजोगाईचा जुना बाजार. यंत्रात 'अंबाजोगाई' टाकलं तर निजामाच्या काळातलं काहीच येईना. पोरगी रडवेली झाली. घरी गेली, आजोबांना सांगितलं. आजोबा म्हणाले, "अगं येडे, तवा अंबाजोगाई कुठं व्हती? मोमिनाबाद म्हन." दुसऱ्या दिवशी तिनं मोमिनाबाद टाकलं आणि पडदा भरून गेला.

त्या दिवशी वनमालाबाईंनी फळ्यावर मधोमध रेघ ओढली. डावीकडं लिहिलं, घरचा शब्द. उजवीकडं, कागदाचा शब्द. पोरांना म्हणाल्या, "यंत्राला आपली बोली येत नाही. जे कागदावर आलं नाही ते त्याच्या लेखी झालंच नाही. म्हणून आधी वहीत रेघ मारायची. आपण घरात काय म्हणतो ते इकडं लिहायचं. सरकार, डॉक्टर, पेपरवाले काय म्हणत असतील ते तिकडं. मग शोधायचं." पोरांना खेळच मिळाला. परळीच्या थर्मलची राख इकडं, 'उडती राख' तिकडं. लाईट गेली इकडं, 'वीजपुरवठा खंडित' तिकडं. एकानं आपल्या मास्तराच्या नावासमोर कागदाचा शब्द म्हणून 'सहशिक्षक' लिहिलं आणि घरच्या रकान्यात काय लिहिलं ते मी इथं सांगणार नाही.

आणखी एक शिस्त त्यांनी लावली. काहीही सापडलं की तीन प्रश्न विचारायचे. कुणी लिहिलं? कधी लिहिलं? त्याला कसं कळलं? याची उत्तरं मिळाली नाहीत तर तो कागद बाजूला ठेवायचा. "ज्याला नाव नाही त्याच्यावर विसंबायचं नाही," हे वाक्य त्या इतक्यांदा म्हणाल्या की पोरं मधल्या सुट्टीत भजी खाताना कागदावरचा मजकूर वाचून एकमेकांना विचारू लागली, "बे, ह्याला नाव हाय का?"

ऑगस्टमध्ये मुख्याध्यापकांनी मला प्रकल्पांच्या विषयांची यादी करायला सांगितली. मी ग्रंथालयात गेलो आणि वही घेऊन संगणकामागून फिरू लागलो. दहावीतली संस्कृती शेवटच्या संगणकावर बसली होती. अबोल पोरगी, अक्षर सुंदर. तिच्या पडद्यावर 'पिशवी' हा शब्द आणि खाली निकाल: प्लास्टिक पिशव्यांवर बंदी, कापडी पिशव्या वाटप, पिशवी न आणल्यास दंड. मी खूश झालो. म्हणालो, "शाब्बास. एक तरी पर्यावरणाचा विषय आला." आणि यादीत तिच्या नावासमोर लिहिलं: प्लास्टिक पिशवी बंदी, ग्रामीण भागातील परिणाम. शेजारचं पोरगं म्हणालं, "सर, ती सकाळधरनं पिशवीच शोधायली," आणि चार पोरं हसली. संस्कृती मान खाली घालून बसली.

वनमालाबाई उठल्या. त्या तिच्या मागं येऊन उभ्या राहिल्या, पडद्याकडं पाहिलं आणि खाली वाकून हळू विचारलं, "कुणाची?"

"आईची."

"तारीख दिली का?"

"पोळा झाल्यावर सोमवारी. दसऱ्याला टोळी निघती. तवर टाके वाळतेत म्हने."

मी तिथंच दोन हातांवर उभा होतो आणि तेव्हा कुठं माझ्या डोक्यात उजेड पडला. आमच्याकडं बाया गर्भाशयाला गर्भाशय म्हणत नाहीत. पिशवी म्हणतात. पिशवी काढली, पिशवी खराब झाली, पिशवी ठेवून काय करायचं. हे मी लहानपणापासून ऐकत आलोय. माझ्या सख्ख्या मावशीची काढलेली आहे. तरी त्या पोरीच्या पडद्यावर तो शब्द पाहून मला दुकानातली पिशवी आठवली. यादीत लिहिलेलं खोडावं असं वाटलं, पण यादी खाडाखोड न करता द्यायची होती. नंतर बघू म्हणून मी वही मिटली.

बाईंनी संस्कृतीच्या वहीत रेघ मारली. डावीकडं लिहिलं, पिशवी. पेन उजवीकडं गेलं आणि थांबलं. बराच वेळ थांबलं. मग त्यांनी लिहिलं: गर्भाशय. त्याखाली: गर्भाशय काढण्याची शस्त्रक्रिया. त्याखाली इंग्रजी शब्द, देवनागरीत: हिस्टरेक्टमी. एकही चूक नाही. हा शब्द बाईंना कसा येतो, असा प्रश्न मला पडायला हवा होता. पडला नाही.

संस्कृतीचं म्हणणं साधं होतं. आई द्वारका, वय तीस. ओटीपोट दुखतं, अंगावरून पांढरं जातं. तालुक्याच्या गावी एका खाजगी डॉक्टरनं पोटावर यंत्र फिरवलं आणि सांगितलं, पिशवी काढून टाका, नाहीतर कॅन्सर होईल. वडील, परमेश्वर, टोळीच्या मुकादमाला शब्द देऊन बसलेले. दोघं मिळून एक कोयता, मजुरी जोडीवर. बायको आजारी पडली की दोघांचाही खाडा. तेव्हा एकदाच काय ते करून टाकू, असं घरात ठरलं. संस्कृतीला पाहायचं होतं की हे खरं आहे का. प्रकल्पाचं निमित्त होतं. सोमवारला अकरा दिवस होते.

त्या अकरा दिवसांत मी ग्रंथालयात जरा जास्तच जाऊ लागलो. पेपर वाचायला, असं स्वतःला सांगत होतो. बाई आणि ती पोरगी रोज मधली सुट्टी आणि शाळा सुटल्यावर तासभर बसायच्या. बाईंचा आवाज तोच, सपाट. "हा लेख नको, याला तारीख नाही." "ही बातमी चालेल, पण हिच्यात आकडा कुठून आला ते बघ." "इथं अहवालाचं नाव दिलंय. आता अहवाल शोध. बातमीवर थांबायचं नाही." चौथ्या की पाचव्या दिवशी तो अहवाल सापडला. एका महिला संस्थेनं काही वर्षांपूर्वी आपल्या भागातल्या गावांमधून फिरून केलेली पाहणी. इंग्रजीत होता. बाईंनी माझ्याकडं पाहिलं. "सर, वाचून सांगता का?"

मी खुर्ची ओढली आणि वाचून मराठीत सांगू लागलो. संस्कृती लिहून घेत होती. किती बाया, वय काय, मुलं किती. बऱ्याच जणींना आधी गोळ्या देऊन पाहिल्याच नव्हत्या. गाठ आहे म्हणून सांगितलं, पण गाठ तपासायला पाठवल्याचा कागद नव्हता. कॅन्सरची भीती घातली होती. नंतर कंबरदुखी, हाडं दुखणं, अंगातून वाफा निघणं, झोप न लागणं. शेवटी काही बायांच्या मुलाखती होत्या. नावं दिलेली नव्हती, नुसते क्रमांक. मी एकेक सांगत गेलो आणि एक्केचाळीस क्रमांकावर आलो.

"मुलाखतीच्या वेळी वय छत्तीस. शस्त्रक्रियेच्या वेळी तेवीस," मी सांगितलं. "ती म्हणते, डॉक्टरनं विचारलं, लेकरं किती? मी म्हणाले, एक मुलगी. डॉक्टर म्हणाला, झालं की मग. एवढंच बोलणं झालं. पुढच्या साली कारखान्यावर, पाचटाच्या कोपीत, मुलगी तापानं गेली. दोन वर्षांनी नवऱ्यानं दुसरी केली. ती म्हणते, मला कुणाचा राग येत नाही. राग यायला पाहिजे, ते कळतं, पण येत नाही."

संस्कृतीचं पेन थांबलं होतं. मीही चष्मा पुसला. बाई म्हणाल्या, "सर, पुढं वाचा. बेचाळीस." त्याच आवाजात. मला त्यांची चीड आली, खरं सांगतो. मनात म्हटलं, या बाईला काळीज म्हणून काही आहे की नाही?

गुरुवारी संस्कृतीनं छापलेली पानं आणि माझं मराठी घरी नेलं. शुक्रवारी मधल्या सुट्टीत परत आली आणि पानं टेबलावर ठेवली.

"काय म्हणाले?" बाईंनी विचारलं.

"आईनं ऐकलं. एक्केचाळीसवाली दोनदा वाचाय लावली. बाप म्हनला, नाव न्हाई गाव न्हाई, कुनीबी कायबी छापतंय. आसली बाई आसलीच कशावरून?" पोरगी चाचरत म्हणाली, "मॅडम, मला काय बोलता आलं न्हाई. तुमीच शिकवलंय ना, ज्याला नाव न्हाई त्याच्यावर विसंबायचं न्हाई."

मी पेपरमागं होतो. सोमवारला तीन दिवस होते आणि पोरीनं धडा नीट पाठ केला होता, यात तिची काय चूक? मी काहीतरी बोलावं म्हणून पेपर खाली केला. अहवालात नावं का देत नाहीत, ते समजावून सांगायला तोंडही उघडलं. तेवढ्यात बाईंनी त्या पानांतून एक पान काढलं, सरळ केलं आणि पेनाचं टोपण काढलं.

इंग्रजी मजकुरात जिथं एक्केचाळीस आकडा होता तिथं शेजारी समासात त्यांनी लिहिलं: वनमाला हरिबा. मग गावाचं नाव. मग तालुका. मग 'ग्रंथपाल'. खाली सही केली आणि तारीख घातली. ग्रंथालयाचा शिक्का काढला. शाईची पाटी वाळली होती. तिच्यावर तांब्यातल्या पाण्याचे दोन थेंब टाकले, शिक्का उठवला. पुसट उठला, म्हणून परत एकदा उठवला. फुंकर घालून पान संस्कृतीच्या हातात दिलं.

"आता आहे नाव," त्या म्हणाल्या. "त्यांना म्हणावं, खात्री करायची तर शाळेत या. मी दहा ते पाच असते."

संस्कृती त्या पानाकडं बघत राहिली, मग बाईंकडं, मग परत पानाकडं. पान वहीत घालून निघून गेली. मी पेपर हातात घेऊन तसाच बसलो. मला लाज वाटली. चौदा वर्षं या बाईवर मी चहाची पैज लावत होतो. त्यांना लेकरू होतं हे मला माहीत नव्हतं. त्या टोळीवर जायच्या, तेवीस वर्षांच्या असताना त्यांच्या पोटातलं काढून घेतलं, मग घरी बसवलं, मग त्यांनी सतरा नंबरचा फॉर्म भरून बाहेरून दहावी केली, बारावी केली, ग्रंथालयाचा कोर्स केला आणि आमच्याकडं आल्या, यातलं मला तोवर फक्त शेवटचं ठाऊक होतं, बाकीचं पुढं हळूहळू कळलं. मी कधी विचारलंच नव्हतं. माझं शिक्षण एम. ए. इतिहास.

"बाई," मी म्हणालो, "तुम्हाला ठाऊक होतं, हा अहवाल आहे म्हणून?"

"त्या संस्थेच्या दोघीजणी आल्या होत्या सात वर्षांपूर्वी. नाव छापणार नाही म्हणाल्या होत्या. शब्द पाळला त्यांनी." त्या पेनाला टोपण लावत म्हणाल्या, "जूनपासून हे यंत्र माझ्यासमोर आहे. रोज पोरांना शिकवते. पण तो शब्द मी एकदाही टाकून बघितला नव्हता."

सोमवारी संस्कृती शाळेत आली नाही. पहिला तास गेला, दुसरा गेला. मी मधूनमधून ग्रंथालयाच्या दाराशी जाऊन येत होतो. बाई पुस्तकांना कव्हरं घालत होत्या. मला बघून एकदा म्हणाल्या, "सर, तुमचा वर्ग दंगा करतोय." करतच होता.

साडेबाराला संस्कृती आली. सोबत आई. द्वारका बारीक, उन्हानं रापलेली, डोक्यावर पदर, हातात तेच पान चौघडी करून. खुर्ची दिली तर बसेना. शेवटी बाकाच्या टोकाला टेकली. मी पेपर उघडला आणि त्यामागं बसलो. उठून जायला हवं होतं. गेलो नाही.

"ह्या तुमीच का?" तिनं पान पुढं केलं.

"हां. मीच."

"मालकाला पटंना. म्हन्ले, जाऊन बघ, खरंच बाई हाय का." तिनं पदर सारखा केला. "आज दवाखान्यात जायचं व्हतं."

"म्हाईत हाय."

बाईंच्या तोंडून मी हे असलं बोलणं पहिल्यांदा ऐकलं. शाळेत त्या कायम पुस्तकातलं बोलत.

"लई तरास व्हतो का आता?" द्वारकानं विचारलं.

"पयली दोन-तीन वर्सं कंबर धरायची. मोळी उचलंना. म्हनून तर टोळी सुटली. अंगातनं वाफा निघायच्या, थंडीतबी. आता ते कायबी न्हाई."

"मंग बरं हाय की."

"बरं बी न्हाई." बाईंनी हातातलं कव्हर बाजूला ठेवलं. "दुखत न्हाई. हसू येत न्हाई. लेक गेली तवा समद्या बाया रडल्या, मला रडू आलं न्हाई. लोक म्हनले, दगडाची हाय. मलाबी तसंच वाटतंय."

"त्याच्यानंच झालं का हे?"

मला वाटलं, आता बाई हो म्हणतील. म्हणायलाच हव्या होत्या. एक हो पुरेसं होतं. त्या म्हणाल्या, "ते मला सांगता येत न्हाई. मी लई शोधलं ह्या चार दिसांत. असं कागदावर कुठं सापडलं न्हाई. लेक गेली म्हनूनबी आसंल. पर एक सांगते. मला कुनी इचारलं न्हाई आनी कुनी सांगितलं न्हाई. अंबाजोगाईला सरकारी दवाखाना हाय. आधी तिथं जाऊन दाखवा. गोळ्या घेऊन बघा. तरीबी ते म्हनले काढा, तर काढा. दुसरा कागद बघितल्याबिगर पयल्यावर जायचं न्हाई."

द्वारका पानाकडं बघत होती. तिला वाचता येत नाही. तरी त्या निळ्या अक्षरांवरून तिनं बोट फिरवलं. मग विचारलं, "लेकीचं नाव काय व्हतं?"

"सायली."

पेपरमागं माझे डोळे भरून आले. पान उलटलं तर आवाज होईल म्हणून मी राशिभविष्याच्या पानावरच बसून राहिलो.

त्या सोमवारी द्वारका दवाखान्यात गेली नाही. गुरुवारी मायलेकी अंबाजोगाईला गेल्या. परमेश्वर दोन दिवस कुणाशी बोलला नाही, मग आपण होऊन एस. टी. स्टँडवर सोडायला गेला. तिथल्या डॉक्टरीणबाईंनी नीट तपासलं, गाठ वगैरे काही नाही म्हणाल्या, पोटात जंतू झालेत, तीन आठवडे गोळ्या घ्या. गोळ्यांनी उतार पडला. संस्कृतीचा प्रकल्प मात्र स्पर्धेत बसला नाही. यादीत विषय प्लास्टिक पिशवीचा आणि आत मजकूर भलताच, म्हणून जिल्ह्यातून तो तसाच परत आला. ती यादी माझ्या अक्षरात होती. मी पोरीपुढं कान धरले. ती म्हणाली, "राहू द्या सर, काम झालं." मला ते फार लागलं.

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी शाळेसमोरच्या रस्त्यावर ट्रॅक्टर लागू लागले. पत्रे, बांबू, भांडी, शेरडं, वर पोरंबाळं. दुपारी द्वारका ग्रंथालयात आली. एकटीच. कमरेला पदर खोचलेला. तिनं पदराच्या गाठीतून ते पान काढलं. घडीवर विरलं होतं, एका कोपऱ्याला तेलाचा डाग.

"हे द्यायला आले," ती म्हणाली. "शिक्का हाय ना शाळंचा. म्हन्लं, पुस्तकासारखं परत द्यावं लागत आसंल."

मी टेबलाच्या या बाजूला कपाटातलं पुस्तक शोधत होतो. बाईंनी पान हातात घेतलं, उलगडलं, तसंच घडी करून परत तिच्यापुढं केलं.

"ऱ्हाऊ द्या तुमच्याजवळ. टोळीत बाया किती?"

"धा-बारा आसतीन."

"कुनाला तारीख दिली म्हनून कळलं, तर हे दाखवा."

"मला वाचता येत न्हाई, मॅडम. त्यान्लाबी न्हाई."

"वाचायचं न्हाई. नाव सांगायचं माझं. वनमाला म्हनायचं. गाव सांगायचं. म्हनावं, मी बघितली हाय तिला, बोलले हाय तिच्यासंगं. खोटी बाई न्हाई."

"सांगते," द्वारका म्हणाली. बाहेर ट्रॅक्टरवाला हॉर्न वाजवत होता. तिनं पान गाठीला बांधलं आणि पायऱ्या उतरून गेली.

बाईंनी देवघेवीचं रजिस्टर ओढलं. अनुक्रम लिहिला. पुस्तकाच्या नावाच्या घरात लिहिलं, पान एक. नेणाऱ्याचं नाव, द्वारका परमेश्वर. आजची तारीख. मग पेन परत आणायच्या तारखेच्या घरात गेलं. ते घर त्यांनी रिकामं ठेवलं आणि रजिस्टर मिटलं.